काचेपलीकडचा अडसर

तो हलत नसे.

कुवेतमध्ये, फहाहीलच्या एका खाजगी दवाखान्यात मी एकवीस वर्षं एमआरआयचं मशीन चालवतो आहे. त्या बोगद्यात शिरलेली माणसं काय काय करतात ते मला विचारा. कुणाला नेमकी तेव्हाच नाकावर खाज सुटते. कुणी खोकतं, कुणी देवाचं नाव घेताना ओठांबरोबर मानही हलवतं. एक सुतार तर मशीनच्या ठकठकीवर पायाने ताल धरून बसला होता. मी माइकवरून इंग्रजीत, हिंदीत, अरबीत आणि आता मल्याळममध्येसुद्धा ‘हलू नका’ म्हणतो. तरी माणूस हलतोच, चित्र पुसट येतं आणि सगळं पहिल्यापासून घ्यावं लागतं. एकवीस वर्षांत एकच माणूस असा भेटला की ज्याचं एकही चित्र मला दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही. पाऊण पाऊण तास तो असा पडून राही की मध्येच मलाच काळजी वाटे आणि मी त्याची छाती वरखाली होते आहे ना ते बघत असे.

पहिल्या वेळी तो बाहेर आल्यावर मी विचारलं, "एवढं कसं जमतं?"

"हे माझं काम आहे," तो म्हणाला. "लोकांना वाटतं फुटबॉल म्हणजे धावणं. धावतात ते पुढचे. मी उभा राहतो."

तो फिनलंडचा. धंद्याने फुटबॉलपटू, आणि खेळायचा बचावात, अगदी मधोमध, गोलकीपरच्या पुढ्यात. उत्तरेकडच्या दोन-तीन देशांत आणि भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर पंधरा वर्षं खेळून, चौतिशीला टेकल्यावर तो कुवेतच्या दक्षिणेतल्या एका लहान क्लबात आला होता. क्लबची मागची फळी गळत होती, ती बुजवायला. त्याच्या नावात जवळजवळ प्रत्येक अक्षर दोनदा यायचं. रिसेप्शनवरची मुलगी ते उच्चारायला घेई आणि अर्ध्यावर सोडून नुसतं ‘नेक्स्ट’ म्हणे. मी त्याचं नाव ठेवलं अडसर. गुहागरकडे आमच्या घराच्या दाराला आतून एक सागवानी दांडका आडवा घालत, तो अडसर. तो काही करत नाही, नुसता असतो. पण तो असतो म्हणून दार उघडत नाही. घरात माझी बायको वैजूही त्याला ह्याच नावाने ओळखू लागली. "तुमचा अडसर येणाराय का हो जेवायला? तांदूळ किती टाकू?"

आमच्या धंद्यात एक नियम आहे. टेक्निशियनला पडद्यावर सगळं दिसतं, पण पेशंटला त्याने काही सांगायचं नाही. सांगणार डॉक्टर. हा नियम माझ्या स्वभावाला फार मानवला. मी मुळात कमी बोलणारा. बोलायची वेळ आली की मी ‘बघू’ म्हणतो, आणि बघत राहतो. माझी मुलगी रेवा लहानपणापासून म्हणते, "बाबा, यू नेव्हर से एनिथिंग." पेशंट विचारतात, "काय दिसलं?" मी म्हणतो, "डॉक्टर सांगतील." एकवीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा उच्चारलं असेल कोण जाणे.

अडसरने मात्र कधी विचारलं नाही. पहिल्यांदा त्याच्या गुडघ्याचं चित्र घ्यायचं होतं. गुडघ्याला किंवा पावलाला माणूस पायांकडून आत जातो, डोकं बाहेर राहतं. त्यामुळे आमच्या खोलीच्या काचेतून त्याला मी दिसतो आणि मला तो. गुडघा स्वच्छ होता. मी पडद्यावरून मान वर केली तर तो काचेकडे बघत होता. डोळ्यांत प्रश्न नव्हता. गाडीची वाट बघणारा माणूस बघतो तसं नुसतं बघणं. आणि का कोण जाणे, टेबलाच्या कडेवरून माझा अंगठा वर झाला. एवढासाच. त्याने एकदा डोळे मिटून उघडले.

तो नियमभंग होता. पण तोंडाने मी काही बोललो नव्हतो, म्हणून मी तो नियमभंग मानला नाही. पुढे गुडघा, मांडी, पुन्हा गुडघा असा तो आणखी चारदा आला, आणि चारही वेळा काचेतून माझा अंगठा वर गेला. प्रत्येक वेळी तो खरा होता. डॉक्टरांचा रिपोर्ट दोन दिवसांनी येई आणि त्यात माझ्या अंगठ्याहून वेगळं काही नसे. एकदा कपडे चढवताना तो म्हणाला, "रिपोर्ट क्लबसाठी. माझ्यासाठी अंगठा." त्या दिवशी घरी जाताना मला बरं वाटत होतं हे कबूल करतो.

तो क्लबने दिलेल्या घरात, फहाहीलशेजारच्या मंगफमध्ये राहायचा, आमच्यापासून दोन बिल्डिंगा सोडून. शुक्रवारी सकाळी फहाहीलच्या मासळीबाजारात आमची गाठ पडू लागली. मी कोकणातला, तो तळ्याकाठचा. दोघेही माशाचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय पिशवी उघडत नसू. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चाले. दोघांचंही मोडकं, त्यामुळे बरोबरीचं. मी त्याला दाखवलं की इथे ज्याला झुबैदी म्हणतात ते आमचं पापलेट. त्याने मला सांगितलं की त्यांच्याकडे हिवाळ्यात तळं गोठतं, मग बर्फाला भोक पाडून गळ सोडायचा आणि शेजारी बसायचं.

"आणि मासा नाही आला तर?" मी विचारलं.

"तर बसायचं."

"किती वेळ?"

त्याने थोडा विचार केला. "जेवायची वेळ होईपर्यंत."

त्याचा खेळातला सगळा जन्म मला त्या बाजारात, तुकड्यातुकड्याने कळला. बाप नगरपालिकेचं बर्फ काढायचं मशीन चालवायचा. कामावरून परतताना तो शाळेमागच्या मैदानावरून चार फेऱ्या मारी, आणि तेवढ्या मोकळ्या झालेल्या खडीवर पोरं खेळत. अडसर उंच, म्हणून त्याला मागे उभं केलं. पुढे पंधरा वर्षं कुणी पुढे बोलावलं नाही. देशाकडून तो एकदाच खेळला, सामन्याची शेवटची सहा मिनिटं. "त्या सहा मिनिटांत काय झालं?" मी उत्सुकतेने विचारलं. "काहीच नाही," तो अभिमानाने म्हणाला. "पुढच्यांनी केलेलं लोकांच्या लक्षात राहतं. माझं काम म्हणजे जे झालं नाही ते."

वैजूने त्याला पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी केली होती. तो जेवला, घाम पुसला, पुन्हा जेवला. तोंडातून शब्द नाही. वैजू कासावीस. शेवटी तिने रेवाला पुढे केलं, "विचार गं त्याला, आवडली का कढी." रेवाने विचारलं. त्याने हातातल्या पेल्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हा तिसरा आहे." त्यानंतर आमच्या घरात ‘हा तिसरा आहे’ ही पसंतीची पावती झाली. अजूनही आहे. पण हल्ली ते म्हणताना कुणी हसत नाही.

मैदानावर मात्र हाच माणूस अखंड बोलत असे. पहिल्यांदा रेवाला घेऊन मी सामना बघायला गेलो, तेव्हा माझा कानांवर विश्वास बसेना. मीना अब्दुल्ला बंदराकडच्या रिफायनरीची ज्योत लांबवर जळत होती, स्टँडमध्ये मोजून पन्नास माणसं, आणि त्या शांततेत ह्याचा एकट्याचा आवाज. "डावीकडे! मागे आहे! सोड! ये, ये, ये! थांब!" नव्वद मिनिटं. आपण स्वतः मात्र दोन पावलं इकडे, दोन तिकडे. चेंडू जिथे येणार तिथे तो आधीच जाऊन उभा असायचा. "बाबा, ही इज जस्ट स्टँडिंग!" रेवा ओरडली. सामन्यानंतर मी त्याला ते सांगितलं, तर तो तिच्याकडे वळून गंभीरपणे म्हणाला, "येस. व्हेरी डिफिकल्ट."

पुढच्या शुक्रवारी मी त्याला छेडलं, "तू तर मैदानात आमच्या गावच्या कोळणींपेक्षा जास्त ओरडतोस." तेव्हा तो जे बोलला ते मी विसरू शकलेलो नाही. हातात झुबैदी होती, तिचा कल्ला उघडून बघता बघता तो म्हणाला, "पुढे खेळणाऱ्याला पाठीमागचं दिसत नाही. मला सगळं दिसतं. दिसत असून गप्प बसणारा डिफेंडर चोर असतो. ज्याला दिसतं, त्याने बोलायचं."

मी ‘हो, खरंय’ म्हणालो असेन. मासा घेऊन घरी आलो.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी फेब्रुवारीत त्याचा बाप आला. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून. पोराने परदेशात खेळलेला एकही सामना त्याने पाहिला नव्हता. विमानाचं त्याला भय होतं, आणि त्याच्या मते माणसाने जमिनीवर चालणाऱ्या मशीनवरच विश्वास ठेवावा. पण पोराचं खेळणं आता संपत आलंय हे त्याला समजलं असावं. म्हातारा पोरासारखाच उंच, थोडा वाकलेला, इंग्रजीचा एक शब्द येत नसलेला. कुवेतच्या त्या गार वाऱ्यात आम्ही स्वेटर घालून फिरत होतो आणि तो बाह्या वर करून. पोराने भाषांतर केलं : "ते म्हणतायत, हा आमचा जुलै."

सामना शुक्रवारी होता. बुधवारी सरावानंतर अडसरच्या टाचेमागची शीर दुखायला लागली. खरं तर दोन आठवडे दुखत होती. बुधवारी त्याने ते मान्य केलं. गुरुवारी संध्याकाळी क्लबचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, त्याला घेऊन आमच्याकडे आला. रेडिओलॉजिस्ट डॉक्टर निघून गेले होते. शुक्रवार-शनिवार सुट्टी, रिपोर्ट रविवारी. म्हणजे सामन्याआधी ते चित्र बघणारा माणूस एकच होता.

अडसर नेहमीसारखा पायांकडून आत गेला. मुदीर आमच्या खोलीत माझ्या खुर्चीमागे चहाचा ग्लास घेऊन उभा राहिला. तो दवाखान्याच्या मालकाचा चुलतभाऊ, तेव्हा त्याला कोण अडवणार? वागायला वाईट नव्हता. हिंदी बरं बोलायचा. "सदीक," तो म्हणाला, इथे आम्हा सगळ्यांना असंच ‘मित्रा’ म्हणतात, "तेरा इकामा का फाइल मैंने देखा. मंदूब संडे को लेके जाएगा. कोई मुश्किल नहीं." आणि त्याच श्वासात, पडद्याकडे बोट करून, "ये भी ओके ना?"

इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना, आणि मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कागद फिरवणारा मालकाचा माणूस. माझा इकामा महिनाअखेर संपत होता. वैजूचा आणि रेवाचा माझ्यावर अवलंबून. रेवाची बारावीची परीक्षा पंधरा दिवसांवर. फाइल चार आठवडे टेबलावर पडून होती, आणि का पडून होती ते कुणी सांगत नव्हतं.

पडद्यावर चित्र उमटलं. टाचेमागची जाड शीर चित्रात काळीभोर दिसते, एकसंध, दोरखंडासारखी. त्याची मध्ये फाटली होती. पूर्ण नाही, अर्ध्याच्या आसपास. काळ्यात पांढरा ओरखडा. मला डॉक्टर होण्याची गरज नव्हती. शिकाऊ पोरालाही दिसलं असतं, इतकं ते चित्र साफ होतं. तो हललाच नव्हता.

मी काय करू शकत होतो, ते सांगतो. डॉक्टरांना घरी फोन करू शकत होतो. इतरांसाठी दोनदा केला होता. ‘मला समजत नाही, रविवारपर्यंत थांबा’ म्हणू शकत होतो. अगदी काही नाही तर हात टेबलाखाली ठेवू शकत होतो. अंगठा दिसला नसता तर त्याला कळलं असतं. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्याच्याइतका कुणाला समजत होता?

मी "ओके" म्हणालो, मुदीरला. आणि मान वर केली तर काचेतून तो बघत होता, आणि माझा अंगठा वर गेला. सवयीने गेला असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. सवयीने नाही. मी तो उचलला. नेहमीपेक्षा थोडा जास्तच वर.

शुक्रवारी मी म्हाताऱ्याशेजारी बसलो होतो. पोराने त्याला माझ्या स्वाधीन केलं होतं. सामना सुरू व्हायच्या आधी म्हाताऱ्याने मला कोपराने हलवलं, वाकून स्वतःच्या टाचेला हात लावला, मैदानाकडे बोट केलं आणि अंगठा वर करून भुवया उंचावल्या. म्हणजे ती गोष्ट बापलेकांत बोलून झाली होती. तो विचारत होता. आयुष्यभर त्याने इंजिनचा आवाज ऐकून मशीन थांबवलं होतं किंवा चालवलं होतं. हा आवाज त्याला ऐकू येत नव्हता, म्हणून तो मला विचारत होता. मी अंगठा वर केला. त्याने माझा गुडघा थोपटला.

पहिला अर्धा तास अडसर फार सुंदर खेळला. बापाला ऐकू जावं म्हणून की काय, नेहमीपेक्षा मोठ्याने ओरडत होता. मग एकदा चेंडू लांब गेला, जवळपास कुणीच नव्हतं, आणि त्याने मागे जायला पाऊल उचललं. तो थबकला आणि वळून मागे बघू लागला.

ती शीर तुटली की माणसाला वाटतं, कुणीतरी मागून लाथ मारली. मी हे पुस्तकात वाचलं होतं. तो खरोखरच वळून बघत होता, कुणी मारलं म्हणून. मागे कुणी नव्हतं. मागे आम्ही होतो, स्टँडमध्ये. मग तो खाली बसला. पडला नाही, बसला. दोन्ही हात मागे टेकून, आमच्या अंगणात माणसं बसायची तसा. पंधरा वर्षं उभा असलेला माणूस.

म्हाताऱ्याने माझा हात धरला आणि सोडला नाही. त्याचा हात फार मोठा होता.

रविवारी मंदूब फाइल घेऊन गेला. सोमवारी इकामा झाला. रेवाने परीक्षा दिली. त्याच रविवारी अडसरच्या पायाचं नवं चित्र घेतलं, ऑपरेशनसाठी, आणि दवाखान्यातून मला सांगण्यात आलं की गुरुवारच्या चित्राचा रिपोर्ट आता नको, नव्यात सगळं आहेच. मुदीरला दोष देत नाही. त्याने ‘ओके ना?’ एवढंच विचारलं होतं. उत्तर माझं होतं.

घरी मी वैजूला महिनाभराने सांगितलं. म्हटलं, "बाप एवढ्या लांबून आला होता. त्याने एकदा तरी पोराला खेळताना बघावं, असं वाटून गेलं मला." वैजू भाजी निवडत होती. ती म्हणाली, "अहो, तुम्ही घाबरलात. घाबरलात म्हणा की. आमच्यासाठी घाबरलात, मला कळतं. पण त्या म्हाताऱ्याचं नाव पुढे करू नका." मी तिच्यासमोरची एक जुडी ओढून निवडायला घेतली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, आणि मीही.

क्लबने करार संपवला. एप्रिलमध्ये पायात प्लास्टिकचा मोठा बूट घालून, कुबड्या घेऊन तो दवाखान्यात आला. परत चालला होता. त्याला आपली सगळी चित्रं हवी होती, तिकडच्या डॉक्टरांसाठी. ऑफिसातून मला सूचना आली, शेवटचं, रविवारचं, तेवढं द्या. मी सीडीवर सगळी घातली. सातच्या सात वेळा घेतलेली, आणि त्यात तो गुरुवार, तारीख आणि वेळेसकट. मला वाटलं, हे मी सांगतोय. पुन्हा हातानेच. तोंड बंद ठेवून.

"सगळी आहेत?" त्याने विचारलं.

"सगळी."

त्याने सीडी खिशात ठेवली. "वैजूला सांग," तो म्हणाला, "तिसरा पेला राहिला." आणि कुबड्या सांभाळत गेला. दारापर्यंत सोडायला मी गेलो नाही. पुढचा पेशंट आत होता, असं म्हणता येईल.

जूनमध्ये त्याचा मेसेज आला. तीन ओळी. ‘गुरुवारचं चित्र बघितलं. इथल्या डॉक्टरने विचारलं, हे कुणी घेतलं, फार साफ आलंय. मी म्हणालो, माझा मित्र आहे, आणि मी हललो नव्हतो.’

हे मी किती वेळा वाचलं असेन! त्यात राग शोधला, सापडला नाही. क्षमा शोधली, तीही नाही. त्याने नुसतं जे होतं ते लिहिलं होतं. उत्तर द्यायचं तर मी स्वतःशीच ‘बघू’ म्हटलं. दरवर्षी डिसेंबरात त्याचा एक फोटो येई, बर्फाचा. एका वर्षी मशीनचा आला : ‘आता वडिलांचं मशीन मी चालवतो. उन्हाळ्यात पोरांना शिकवतो. थोडा लंगडतो.’ मी दर वेळी फुलांचं चित्र पाठवत असे.

मागच्या महिन्यात दवाखान्यात नवं मशीन आलं. त्या खोलीला काच नाही. भिंतीवर कॅमेरा आहे. जुन्या मशीनमधली जुनी चित्रं पुसून टाकायचं काम माझ्याकडे आलं. एकेक वर्ष पुसत मी त्या गुरुवारपर्यंत पोचलो आणि चित्र उघडलं. सात वर्षांत माझ्या मनात तो ओरखडा लहान लहान होत गेला होता. शेवटी शेवटी मला शंका यायची की तेव्हा खरंच दिसला होता का. होता. पडद्याच्या मधोमध, बोटाएवढा.

शुक्रवारी सकाळी मासळीबाजारातून परत आलो, पिशवी वैजूच्या हातात दिली आणि गॅलरीत जाऊन फोन लावला. रेवा आता कॅनडात. तिला आधी विचारून इंग्रजी वाक्यं कागदावर लिहून घेतली होती. कशासाठी, ते तिला सांगितलं नव्हतं. पलीकडे इंजिनचा मोठा आवाज येत होता.

"थांब," तो म्हणाला. जणू काल बोललो होतो. "मशीन बंद करतो."

आवाज थांबला. मी कागद बघितला नाही.

"तो गुरुवार," मी म्हणालो. "मला दिसलं होतं."

"माहीत आहे. चित्र बघितलं मी."

"तसं नाही. मला तेव्हाच दिसलं होतं. अंगठा वर केला, त्याच्या आधी. मी घाबरलो होतो."

आमच्यातली शांतता मला कधी जड वाटली नव्हती. ही वाटली.

"वडील मागच्या हिवाळ्यात गेले," तो म्हणाला. "शेवटपर्यंत त्यांना वाटायचं, ते आले म्हणून झालं. मी त्यांच्याकडे बघत खेळलो आणि पाय चुकला. विमानात बसायलाच नको होतं, म्हणायचे. मी त्यांना तुझं चित्र दाखवलं. त्यांना ते समजलं नाही." मग तो म्हणाला, "मला तू चित्र दिलंस. त्यांना सांगायला हवं होतंस. त्यांनी तुला विचारलं होतं."

"सॉरी," मी म्हणालो. शब्द तोकडा होता, पण तेवढाच होता.

"हो," तो म्हणाला. "बर्फ पडतोय. शाळेचा रस्ता राहिलाय."

इंजिन पुन्हा सुरू झालं. मी फोन कानावरून काढणार, तेवढ्यात लक्षात आलं की त्याने तो बंद केलेला नाही. विसरला असेल, किंवा तसाच बाजूला ठेवला असेल. मशीन पुढे जात होतं, मागे येत होतं, पुन्हा पुढे. आतून वैजूची हाक आली, "अहो, मासे कुणी साफ करायचे?" मी उत्तर दिलं नाही. फोन कानाला लावून, शाळेचा रस्ता पुरा मोकळा होईपर्यंत मी गॅलरीत उभा होतो. हललो नाही.